मॉथपासून पुष्पकपर्यंत

नंदुरबार जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. हलकी विमाने जवळून पाहायची तर शेजारच्या धुळे जिल्ह्यातले शिरपूर किंवा गोंदूर गाठावे लागते. तिथे वैमानिक घडवले जातात. धावपट्टीवर पुन्हा पुन्हा उतरणारे प्रशिक्षण विमान बघायला कोणी गर्दी करत नाही, आणि इतिहास लिहिणाऱ्यांचेही तिकडे फारसे लक्ष जात नाही. आपल्या विमानविद्येची गोष्ट बहुधा विक्रमवीरांभोवती फिरते. माझ्या मते तिचा खरा पाया मात्र एका संथ, दोन आसनी विमानाने आणि ते आखणाऱ्या कोल्हापूरकडच्या अभियंत्याने घातला.

विक्रमवीरांचे मोठेपण नाकारायचे कारण नाही. आगाखान पारितोषिकासाठी १९३० साली तिघे भारतीय भारत आणि इंग्लंड यांमधल्या एकट्याच्या उड्डाणाला निघाले: मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. टाटा. इजिप्तमधल्या अबूकीरला अस्पी स्पार्क प्लगअभावी खोळंबला होता. उलट दिशेने आलेल्या जेआरडींनी त्याला आपल्याजवळचा प्लग दिला आणि शर्यत अस्पीने जिंकली. हाच अस्पी पुढे हवाई दलाचा प्रमुख झाला. हा प्रसंग नेहमी दिलदारपणाचा दाखला म्हणून सांगतात, आणि तो आहेच. पण त्यातून आणखी एक गोष्ट दिसते. माणसे आपली होती, विमाने मात्र डी हॅविलंडची. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडींनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणले, ते पस मॉथही त्याच इंग्रज कारखान्याचे. पन्नास वर्षांनी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी तो प्रवास पुन्हा केला, तोही लेपर्ड मॉथमधून.

हे चित्र बदलणारे कोल्हापूरकडचे अभियंते म्हणजे विष्णू माधव घाटगे. त्यांचा जन्म १९०८ साली गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपूचा. गटिंगनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली वायुगतिकीत डॉक्टरेट मिळवून ते परतले आणि १९४० मध्ये बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये दाखल झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एचटी-२ हे धातूचे, एकामागे एक आसने असलेले विमान ऑगस्ट १९५१ मध्ये पहिल्यांदा उडाले. कारखान्यातून अशी दीडशेहून अधिक विमाने बाहेर पडली आणि हवाई दलातल्या कित्येक पिढ्या त्यांवर उडायला शिकल्या. शेपटीला चाक असलेले असे विमान उतरताना जरा दुर्लक्ष झाले की भिरभिरते, त्यामुळे पायाने रडर सांभाळण्याची सवय लागतेच. नागरी क्लबांसाठी आलेले पुष्पक १९५८ साली उडाले: पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर कापड, नव्वद अश्वशक्तीचे इंजिन. दिसायला साधे, क्लबांच्या ऐपतीतले.

यावर पहिला आक्षेप असा, की पुष्पक म्हणजे अमेरिकन एरोंका चीफचीच आवृत्ती, आणि दोन्ही विमानांची इंजिने परदेशी. हे खरे आहे. पण जुळणी, दुरुस्ती आणि सुट्या भागांचे ज्ञान इथे रुजले, तेव्हा अबूकीरसारखे अडून राहणे कमी झाले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हा पाया इतका पक्का होता, तर त्यावर पुढची इमारत का उभी राहिली नाही? एचटी-२ची जागा घेणारे एचपीटी-३२ अपघातांमुळे २००९ मध्ये जमिनीवर उतरवावे लागले आणि नवशिक्यांसाठी स्वित्झर्लंडची पिलाटस आणावी लागली. माझ्या मते याचा दोष घाटग्यांच्या पायाकडे जात नाही. लढाऊ विमानांच्या ओढीत प्रशिक्षण विमानाची आखणी दुय्यम कामगिरी समजली गेली असावी. त्याचे ग्लॅमर तरी काय? विक्रमवीरांपुरताच इतिहास वाचणाऱ्या समाजात हेच घडणार. एचटीटी-४० हे हवाई दलाच्या नवशिक्यांसाठीचे देशी प्रशिक्षण विमान थेट २०१६ मध्ये उडाले, आणि त्याचेही इंजिन अमेरिकन आहे.