हापसा बंद पडतो त्या दिवशी

जुलै २०२२मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत अतिसाराची साथ आली. कितीतरी माणसं अंथरुणाला खिळली, काही दगावली. वीज तोडल्यामुळे नळयोजना बंद होती आणि ऐन पावसात लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते, हे त्या वेळच्या बातम्यांतून पुढे आलं. मला त्यातली एक गोष्ट विसरता येत नाही. गावाला योजना मिळालेली होती, फक्त त्या दिवसांत ती चालू नव्हती. जलजन्य आजाराला शिरकाव करायला तेवढी फट पुरते.

हा धडा आपल्या देशाने पूर्वी एकदा गिरवलेला आहे, आणि त्याचा उगम थेट मराठवाड्यात आणि सोलापुरात सापडतो. १९६६-६७च्या बिहारमधल्या दुष्काळानंतर युनिसेफने दाबाच्या हवेवर चालणारी खोदाईयंत्रं भारतात आणली. दख्खनच्या काळ्या पाषाणात सुरुंग लावून विहीर खणायला महिनोन्‌महिने लागत. या यंत्राने बोअर दिवसा-दोन दिवसांत होऊ लागली. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने बोअरवेलची ही धडक पाहिली. खोलवरच्या खडकातलं पाणी उघड्या विहिरीपेक्षा कितीतरी स्वच्छ. आता पटकी, हगवण हटणार असं वाटत होतं.

पण बोअरवर बसवलेले पंप होते बिडाचे, युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांच्या धाटणीचे. तिथे एक कुटुंब दिवसातून चार-दोनदा दांडा हलवायचं. इथे भल्या पहाटेपासून अंधार पडेपर्यंत घागरींची रांग हटत नसे. दांड्याच्या खिळी झिजत, बीड तडकत असे. १९७४च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा चारातले तीन पंप बंद आढळले. कोट्यवधींची खोदाई जमिनीत होती आणि बायका पुन्हा ओढ्यावर आणि बारवेवर जात होत्या.

यावर उपाय आधीच सापडलेला होता. जालन्यातल्या ख्रिस्ती मिशनच्या मंडळींनी बिडाऐवजी पोलादी जोडकामाचा पंप तयार केला होता. दांडा एकाच आसावर फिरणारा, आणि आतला गज ओढायला साखळी. हा ‘जालना पंप’. सोलापुरात त्याची आणखी मजबूत आवृत्ती निघाली. सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी या सोलापूर पंपावरूनच नवा नमुना बेतला, तामिळनाडूत कोइम्बतूरकडे त्याची कसोटी घेतली आणि मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्यात १९७७-७८पासून त्याचं उत्पादन सुरू झालं. हाच ‘इंडिया मार्क टू’. त्याचा आराखडा कुणाच्याही मालकीचा ठेवला नाही, म्हणून गावोगावचे कारखाने तो बनवू शकले. आपण ज्याला नुसतं ‘हापसा’ म्हणतो तो बहुतेक ठिकाणी हाच. आफ्रिकेतल्या अनेक देशांतही तो गेला. मराठवाड्याच्या पाणीटंचाईतून जगाला मिळालेल्या या देणगीची दखल आपल्या शाळेच्या पुस्तकांनी घ्यायला हवी.

हापशाने काय साधलं याचा सगळ्यात ठळक पुरावा म्हणजे नारू. नारूची अळी पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक किड्यात वाढते. असं पाणी प्यायल्यावर वर्षभराने दीड-दोन हात लांबीची मादी बहुधा पायाच्या फोडातून डोकं काढते. लोक तिला काडीवर गुंडाळत रोज थोडी थोडी बाहेर ओढत. ऐन पेरणीत माणूस आठवडेच्या आठवडे जायबंदी व्हायचा. आग शमवायला त्याने तो पाय पायऱ्यांच्या विहिरीत बुडवला, की हजारो अळ्या पाण्यात. या रोगावर लस नाही, औषध नाही. तरीही १९८४ साली महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून सुमारे ४० हजार रुग्ण असलेल्या या देशात शेवटचा रुग्ण जुलै १९९६मध्ये राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी २०००मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. पायऱ्या बुजवल्या, कठडे बांधले, पाणी फडक्याने गाळायला शिकवलं, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं अबेट टाकलं आणि जागोजागी हापसे बसवले. गावोगाव रुग्ण शोधणाऱ्या आरोग्यसेवकांच्या पायपिटीवर हा विजय उभा आहे.

मार्क टूलाही एक अवघड दुखणं होतंच. सिलिंडरमधलं चामड्याचं वायसर झिजलं की सगळी पाइपलाइन वर काढावी लागे. त्यासाठी तिपाई, चार-पाच माणसं आणि तालुक्याची गाडी लागे. दोन-पाच रुपयांच्या वायसरपायी हापसा महिनाभर बंद, असं घडायचं. पुढे मार्क थ्री आला. त्यात पाइप न काढता दट्ट्या वर घेता येतो. पण त्याआधीच राजस्थानातल्या तिलोनियाच्या संस्थेने गावातलीच माणसं हापसा-मिस्त्री म्हणून तयार केली होती. दुरुस्ती गावात असेल तर पाणी गावात राहतं, हे त्यांनी करून दाखवलं. आणि ओटा! भेगाळलेला ओटा, तुंबलेली मोरी, भोवती जनावरांचा चिखल, असं असेल तर वरची घाण मुरून थेट बोअरमध्ये उतरते. हापसा दिसायला चालू, पाणी मात्र नासलेलं.

दुरुस्तीचं जे, तेच दवाखान्याचं: तोही गावातच हवा. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मॅबेल आरोळे जामखेडला गेले तेव्हा लोकांची पहिली मागणी पाण्याची आणि अन्नाची होती. आरोळ्यांनी हापसे दलित वस्तीत बसतील असं पाहिलं, म्हणजे पाण्यासाठी सगळ्यांना तिथे यावंच लागे. आणि आरोग्याचं काम त्यांनी गावातल्याच बायकांकडे सोपवलं, त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या. आजची ‘आशा’ ही त्यांचीच पुढची पिढी.

त्या बायकांच्या हातातलं सगळ्यात मोठं औषध म्हणजे मीठ-साखरेचं पाणी. १९७१मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी फैलावली, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ते द्रावण पिंपांत भरून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. आईने पेल्याने पाजलं तरी जीव वाचतो, हे तिथे सिद्ध झालं. मेळघाटात किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यांवर नाल्याला पूर आला की रुग्णवाहिका अलीकडच्या काठावर थांबते. तेव्हा आशाताईंच्या घरातली ओआरएसची पुडी आणि झिंकच्या चौदा दिवसांच्या गोळ्या हाच दवाखाना असतो. त्या पुड्या पावसाआधी पोचल्या आहेत का, एवढी एक गोष्ट पाहिली तरी पुष्कळ मुलं वाचतील.

आता काळ नळाचा आहे. ऑगस्ट २०१९मध्ये घोषित झालेल्या जल जीवन मिशनमुळे घरोघर तोटी आली, आणि डोक्यावरची घागर उतरली हे फार मोठं काम आहे. पण तासभर येणाऱ्या नळाची पाइप उरलेले तेवीस तास रिकामी असते. गळक्या सांध्याशेजारून गटार गेलं असेल तर रिकामी पाइप त्यातली घाण आत ओढून घेते. म्हणून टाकीत आणि विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर लागते, ती रोज लागते, आणि ती टाकण्याचं काम ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक तुटपुंज्या मानधनावर करतो. चांगल्या पावडरीत क्लोरीन सुमारे ३३ टक्के असतो. हजार लिटरला अडीच ग्रॅम, हा हिशेब. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते भरतं साधारण ३७,७०० लिटर, म्हणजे पावडर शंभर ग्रॅमच्याही आत. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी विहिरीत सोडायची आणि किमान अर्धा तास पाणी उपसायचं नाही. मग नळाचं पाणी परीक्षानळीत घेऊन ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन पोचला.

पंचायतीच्या ओलसर खोलीत तोंड उघडं राहिलेली टीसीएलची पिशवी पावसाळ्यात झपाट्याने निकामी होते. क्लोरीन वीस टक्क्यांच्या खाली गेला की ती पावडर वापरण्याजोगी राहत नाही. जलसुरक्षक इमानाने मोजून टाकतो, पाण्यात पडतो चुना. गाव साथीत सापडतं तेव्हा खापर मात्र त्याच्या डोक्यावर फुटतं. ज्याच्यावर गावाचं आरोग्य सोपवलं त्याला ताजी पावडर, ओटीची बाटली आणि जगण्याइतका मोबदला द्यायला हवा.

पैशांची सबब इथे फारशी टिकत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात पंचायतींच्या अनुदानातला ३० टक्के हिस्सा पिण्याच्या पाण्यासाठी बांधून दिला. १ मेची ग्रामसभा पावसाळ्याच्या तोंडावर येते. तिथे कुणीही उठून विचारू शकतं. टीसीएल कधी आणलं आणि तपासलं का? ओटीची शेवटची नोंद कुठल्या तारखेची? हापशाचं वायसर कोण बदलतं? योजनेचं वीजबिल भरलं का? उत्तरं सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगावीत, आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की तेच इतिवृत्त घेऊन पंचायतीत जावं.