तिचं नाव माइकवर आलं नाही

गेल्या गणपतीतली गोष्ट. आमच्या दिघ्यात मुलींचे नाच बसवायचे होते. आठवीतली एक पोर म्हणाली, "काकू, मी लावणी करू?" लगेच एकीनं नाक मुरडलं, "सिनेमातली असेल तर कर, तमाशातली नको हं!" मीही मान डोलावली.

बचत गटाची वही घेऊन आलेली एक बाई मात्र गुपचूप उठून गेली. दुसऱ्या दिवशी हळूच म्हणाली, "ताई, माझी आई फडात नाचायची. त्याच पैशावर आम्ही शिकलो. इथं कुणाला सांगितलं नाही."

मला रात्रभर झोप नाही. बी. ए.ला मी राम जोशी, होनाजी बाळा वाचले होते. लावणी लिहिणाऱ्यांची नावं पाठ. नाचणारीचं एकही नाही! 'पिंजरा' (१९७२) पाहताना मास्तर बिघडला म्हणून हळहळलो, पण चंद्रकलेचं काय, हे कुणी विचारलं?

विचारणाऱ्या बायका होत्या. पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी १९९५ साली लावणी कलावंतिणींवर शोधनिबंध लिहिला. पेशवाईपासून खालच्या मानलेल्या जातींतल्या बायकांच्या श्रमावर आणि देहावर इतरांनी कसा हक्क गाजवला, ते त्यांनी मांडलं. पुण्यातच वाढलेल्या, आता अमेरिकेत शिकवणाऱ्या शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर २०२२ मध्ये पुस्तक लिहिलं. 'अश्लील' हा शिक्का नाचावर नव्हे, तर जातीवर कसा बसतो, हा त्यांचा प्रश्न. २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

म्हणजे बघा, सिनेमा-तमाशा हा नुसता टाइमपास नाही. त्यातूनच 'चांगल्या घरची' कोण आणि 'तसली' कोण, हे आपण शिकतो. विठाबाई नारायणगावकर २००२ मध्ये गेल्या. आज राज्य सरकार त्यांच्या नावानं पुरस्कार देतं. पण तमाशातली सून आपल्यापैकी किती घरांत चालेल?

शेवटी त्या बाईनंच पोरीची लावणी बसवली. नऊवारी नेसवली, चाळ बांधले, "नजर खाली नको" म्हणून दटावलंसुद्धा. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी माइक घेऊन तिच्याकडे पाहिलं. तिनं मानेनंच 'नको' म्हटलं. लेकीचं लग्न ठरायचंय.

मैत्रिणींनो, टाळ्या आपण सगळ्यांनी वाजवल्या. तिला नाव लपवावं लागतं, ते कुणामुळे?