खाडाखोडीची तीस वर्षं

हिशेबाचं सॉफ्टवेअर कधी बदलायचं, हे आपल्याकडच्या व्यापाऱ्याने स्वतःहून क्वचितच ठरवलं. ते ठरवलं विधिमंडळाने, संसदेने, अलीकडे कंपनी व्यवहार मंत्रालयाने. नवी आवृत्ती दिसायला छान आहे म्हणून पैसे मोजणारा मालक मला तरी भेटलेला नाही. येत्या एक तारखेपासून जुन्या आवृत्तीतलं बिल चालणार नाही, असं सीएने बजावलं की पैसे निघत. बदल करायचा तोही सगळ्यांनी मिळून, एका दमात. पेढीवरचे चार-पाच संगणक आतल्या खोलीतल्या एकाच यंत्रावरचा डेटा वाचतात. बिलिंगवाल्याने नवी आवृत्ती टाकली आणि गोदामवाल्याने जुनीच ठेवली, असं चालत नाही. नव्या आवृत्तीने डेटा आपल्या पद्धतीने लिहून घेतला की जुनीला तो सहसा उघडतच नाही. मग परतीची वाट एकच, आदल्या रात्रीचा बॅकअप, घेतला असेल तर.

या बदलांची कारणं म्हणून कर, वेग, सोय असं बरंच काही सांगितलं जातं. मला त्यांतून एक वेगळाच धागा जाताना दिसतो. एकदा झालेली नोंद मागाहून गुपचूप बदलायची मुभा कोणाला, किती आणि कुठवर?

वहीत ती मुभा जवळजवळ नव्हतीच. रोजकीर्दीतला आकडा चुकला तर त्यावर आडवी रेघ मारायची, वर दुरुस्त आकडा लिहायचा, शेजारी सही करायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे, हा दिवाणजींचा दंडक. वही शिवलेली, पानांना क्रमांक. लबाडी तेव्हाही होतीच, पण तिच्यासाठी दुसरी अख्खी वही लिहावी लागे आणि तेवढा उत्साह प्रत्येकाकडे नसे. दिवाळी ते दिवाळी चालणारं पेढ्यांचं वर्ष १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून आयकरासाठी एप्रिल ते मार्च झालं. साधारण त्याच काळात टेबलावर संगणक आला, आणि त्याच्याबरोबर डिलीटचं बटण.

पहिली पॅकेजं गावातल्याच एखाद्या प्रोग्रामरने डीबेसमध्ये किंवा फॉक्सप्रोत बांधलेली असत. सूतगिरण्या, पतसंस्था, अडत दुकानं, सगळीकडे तीच. फॉक्सप्रोत खोडलेली नोंद लगेच जात नसे. तिच्यावर नुसती खूण व्हायची, आणि ‘पॅक’ ही आज्ञा दिली की खूण केलेल्या नोंदी फाईलमधून कायमच्या बाहेर. म्हणजे वहीतली आडवी रेघ संगणकातही होती, फक्त वर्षअखेरीला कोणीतरी पॅक करून ती पुसून टाकत असे, बहुतेक वेळा निव्वळ जागा वाचवायला. त्या काळी डिस्क महाग होती.

मग टॅली आलं. बेंगळुरूचे श्यामसुंदर गोयंका गिरण्यांना आणि कारखान्यांना सुटे भाग पुरवत. मनासारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर बाजारात मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोयंकांना, ते लिहायला सांगितलं. १९८६ साली त्यातून कंपनी उभी राहिली, तेव्हा तिचं नाव प्यूट्रॉनिक्स. प्रत्येक खात्याला सांकेतिक क्रमांक देण्याची गरज त्यांनी काढून टाकली. ‘पाटील ट्रेडर्स’ हे ‘पाटील ट्रेडर्स’ म्हणूनच टंकायचं. मुनीमजींचा विरोध अर्धा तिथेच मावळला. पुढे तालुक्याच्या गावी ‘टॅली शिकवले जाईल’ अशा पाट्या लागल्या आणि बी. कॉम. झालेल्या मुलामुलींच्या नोकरीच्या अर्जात तो शब्द पदवीच्या खालोखाल आला. भरत गोयंकांना २०२० साली पद्मश्री मिळाली. खाडाखोडीचं म्हणाल तर, अशा सॉफ्टवेअरमध्ये कोणत्याही तारखेच्या व्हाउचरवर जाऊन आकडा बदलता येत होता. क्रमांक आपोआप पडत असतील, तर मधलं बिल काढल्यावर पुढची बिलं एकेक घर मागे सरकून फट बुजवत. खालचा आकडा वाचता येण्याचा प्रश्नच संपला. व्यापाऱ्यांना हे मनापासून आवडलं, आणि त्यातले बहुतेक प्रामाणिकपणे चुका सुधारण्यासाठीच ते वापरत, हेही खरं आहे.

सर्व्हर हा शब्द तेव्हा फार मोठा होता. प्रत्यक्षात तो त्यातल्या त्यात नवा संगणक, त्यावर एक फोल्डर ‘शेअर’ केलेलं आणि बाकीच्यांवर ते एखाद्या ड्राइव्हच्या अक्षराने जोडलेलं. मोठ्या कंपन्यांत ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हर असे. तिथे प्रत्येक संगणक फक्त विचारणा पाठवतो आणि फाईलला हात लावण्याचा अधिकार एकट्या सर्व्हरचा असतो. आमच्याकडच्या पद्धतीत प्रत्येक संगणक वायरीवरून थेट फाईलमध्येच लिहायचा. एकच वही चौघांनी चार बाजूंनी ओढून एकाच वेळी लिहावी, तसं. त्यात कोणाच्या हातातलं पान अर्धं राहिलं तर? २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्राला आठवत असतील. लोडशेडिंग वेळापत्रकाने यायचं आणि वेळापत्रकाबाहेरही यायचं. सर्व्हरला यूपीएस असे, पण मधल्या हबला नसे. दिवे गेले की सर्व्हर जिवंत, फाईल अर्धवट. नोंद एका फाईलमध्ये पडलेली, तिची अनुक्रमणिका दुसरीत जुनीच. टॅलीत त्यावर कंट्रोल, आल्ट आणि आर या कळा एकत्र दाबून ‘रीराईट’ करायचं, म्हणजे सॉफ्टवेअर सगळा डेटा वाचून नव्याने लिहून काढतं. रीराईटच्या आधी बॅकअप घ्या, हे वाक्य मी अनेक पेढ्यांच्या भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी, चिकटवलेलं पाहिलं आहे.

पहिला सार्वत्रिक बदल झाला १ एप्रिल २००५ ला. विक्रीकर जाऊन व्हॅट आला. प्रत्येक बिलावर कर वेगळा दाखवायचा, खरेदीवरच्या कराची वजावट घ्यायची. यासाठी टॅलीची ७.२ ही आवृत्ती घरोघरी गेली, आणि गावातल्या प्रोग्रामरची फॉक्सप्रोतली पॅकेजं एकेक करून बंद पडू लागली. एकट्या माणसाला एवढा कायदा वाचून, पॅकेज सुधारून, चाळीस ठिकाणी जाऊन बसवणं जमेना. त्या मंडळींचं मला वाईट वाटतं. ग्राहकाचं अडतीचं गणित त्यांना जसं समजे, तसं पुढे कोणाला समजलं नाही.

व्हॅटने खाडाखोडीला पहिला धक्का दिला, तोही सॉफ्टवेअरला न शिवता. माझं विक्रीबिल आता समोरच्याच्या वजावटीचा पुरावा झालं. लेखापरीक्षणाच्या ७०४ नमुन्यासोबत जे-१ आणि जे-२ या याद्या जोडायच्या, कोणाला किती विकलं आणि कोणाकडून किती घेतलं. मी बिल पुसलं तरी ते दुसऱ्याच्या जे-२ मध्ये उरायचं. विक्रेत्याने कर सरकारजमा केला नसेल तर खरेदीदाराची वजावट नाकारता येते, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ साली कोल्हापूरच्या एका पेढीच्या प्रकरणात मान्य केलं. त्यानंतर याद्या जुळवण्याचं काम हिशेब लिहिण्याच्या कामापेक्षा मोठं झालं.

२००९ मध्ये टॅली ईआरपी ९ आलं, पण ७.२ वरून तिकडे जाताना डेटा एका वेगळ्या साधनाने रूपांतरित करावा लागे. बऱ्याच जणांनी सोपा मार्ग काढला, फक्त शिल्लक पुढे ओढली आणि जुनी वर्षं जुन्या यंत्रावर तशीच ठेवली. व्हॅटची निर्धारणं वर्षानुवर्षं चालत, म्हणून ते जुनं धूड अधूनमधून सुरू करून छापे काढायचे.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली, तेव्हा मागच्या तारखेच्या पावत्यांची चर्चा देशभर झाली. सॉफ्टवेअरमधली मुभा किती मोठी आहे, हे तेव्हा सरकारलाही नीट दिसलं असावं.

आणि मग २०१७. जीएसटी १ जुलैला येणार होता. इतके दिवस सगळे बदल एप्रिलला, नव्या वहीबरोबर होत. हा वर्षाच्या मध्यात होता. एकाच डेटामध्ये जूनपर्यंत व्हॅट आणि जुलैपासून जीएसटी, म्हणून शिल्लक ओढून नवं सुरू करण्याची पळवाटही बंद. पेढ्यांमध्ये टॅलीच्या सहाव्या रिलीजची तयारी चालू असताना १२ मेला ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस पसरला. तो शिरत होता तो नेमका विंडोजच्या फाईल शेअरिंगमधून, म्हणजे आमचे सगळे हिशेब ज्या वाटेने जात-येत त्याच वाटेने. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा पॅच मार्चमध्येच दिला होता, पण आतल्या खोलीतल्या त्या यंत्राला इंटरनेटचं अपडेट द्यायला सगळे घाबरत. चालतंय ते बिघडेल म्हणून.

२७ जूनला तर अपडेटच शत्रू निघालं. युक्रेनमध्ये ‘मेडॉक’ नावाचं करविवरणांचं आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर बहुसंख्य व्यवसाय वापरत, जसं आपल्याकडे टॅली. हल्लेखोरांनी ते बनवणाऱ्या कंपनीच्या अपडेट सर्व्हरमध्ये शिरून अधिकृत अपडेटमधूनच ‘नॉटपेट्या’ सोडला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या युक्रेनमधल्या कार्यालयात मेडॉक होतं, आणि तेवढं पुरलं. काही तासांत कंपनीचं जगभरचं जाळं आडवं झालं. त्याचा फटका उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरातल्या तिच्या टर्मिनललाही बसला आणि कंटेनर तिथेच अडकले. युक्रेनमधल्या हिशेबनिसांनी इमानेइतबारे घेतलेल्या अपडेटने रायगड जिल्ह्यातले ट्रक थांबवले. पुढे मर्स्कने सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे केले. त्यांच्या जाळ्याचा मूळ नकाशा ठेवणाऱ्या सर्व्हरची एकच धड प्रत उरली होती, घानाच्या कार्यालयात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. लोडशेडिंगला इतकी वर्षं शिव्या घातल्यावर हे वाचून हसू आलं.

तीन दिवसांनी मध्यरात्री जीएसटी लागू झाला. पहिले काही महिने कोणालाच काही कळत नव्हतं. त्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. खरा फरक पडला ई-इन्व्हॉइसने. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरच्या उलाढालीपासून सुरुवात झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ती मर्यादा ५ कोटींवर आली. बिलाची नोंद सरकारी पोर्टलवर होते, क्रमांक आणि क्यूआर कोड मिळतो, आणि ती नोंद २४ तासांच्या आतच रद्द करता येते. आकडा बदलणं तर शक्यच नाही. चुकलं तर क्रेडिट नोट काढा. म्हणजे आडवी रेघ, वर नवा आकडा, शेजारी सही.

कंपन्यांसाठी उरलेली खिडकीही बंद झाली. मार्च २०२१ मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने नियम काढला, की प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणारं आणि ती नोंद बंद करता न येणारंच सॉफ्टवेअर कंपनीने वापरावं. अंमलबजावणी दोनदा पुढे गेली आणि शेवटी १ एप्रिल २०२३ ला आली. टॅलीने बदलांची नोंद कायम चालू ठेवणारी ‘एडिट लॉग’ आवृत्तीच वेगळी काढली होती. २०२२ च्या दुरुस्तीने भारतातल्या सर्व्हरवर रोजचा बॅकअपही सक्तीचा केला, तो भिंतीवरचा कागद आता राजपत्रात गेला. हा नियम फक्त कंपन्यांना आहे. शेजारच्या गाळ्यातल्या भागीदारी पेढीत आजही तसा लॉग न ठेवता मागच्या वर्षाची पावती बदलता येते, आणि मला हा भेद पटत नाही. करविवरण दोघांचंही त्याच पोर्टलवर जातं.

पण लेखापरीक्षकांना लवकरच दुसरीच अडचण दिसली. लॉग ठेवतं ते वरचं सॉफ्टवेअर. मोठ्या कंपन्यांत ज्याच्याकडे खालच्या डेटाबेसचा मुख्य पासवर्ड आहे, तो वरच्या सॉफ्टवेअरला वळसा घालून थेट तक्त्यातला आकडा बदलू शकतो, आणि लॉगला पत्ताही लागत नाही. २०२३-२४ च्या कितीतरी नामांकित कंपन्यांच्या अहवालांत लेखापरीक्षकांनी डेटाबेसच्या पातळीवर बदलांचा हा लॉग चालू नव्हता असं नोंदवून ठेवलं. छोट्या पेढ्यांतही आता सीए विचारू लागले आहेत, की सर्व्हरचा ॲडमिन पासवर्ड कोणाकडे असतो. बहुतेक ठिकाणी तो हार्डवेअरवाल्या मुलाकडे असतो, आणि त्याने तो शेवटचा कधी बदलला हे मालकाला माहीत नसतं.