सिनेमात मागून बोलणारा आवाज नेमका कोणाचा असतो?

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या संत जनाबाईंचा अभंग ऐकताना बोलतंय कोण, हा प्रश्न पडत नाही. शेवटी नाममुद्रा येते आणि नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी जनी समोर उभी राहते. आजच्या अनेक पटकथा नेमक्या इथेच अडखळतात.

पटकथेत लेखकाचा आवाज दोन जागी असतो. पहिली जागा दृश्यवर्णनाची. ते फक्त दिग्दर्शक, कॅमेरामन आणि नट वाचतात, प्रेक्षकापर्यंत त्यातलं एक वाक्यही जात नाही. दुसरी जागा निवेदनाची, म्हणजे व्हॉइसओव्हरची. हा आवाज थेट प्रेक्षकाच्या कानात पडतो, त्यामुळे मोह इथेच जास्त होतो.

'शतरंज के खिलाडी' (१९७७) आणि 'लगान' (२००१) या दोन्ही सिनेमांत निवेदन अमिताभ बच्चन यांचं आहे. ते गोष्टीतलं पात्र नाहीत. अवधचं राजकारण किंवा १८९३ सालचा लगान थोडक्यात समजवायचा, एवढंच त्या आवाजाचं काम. इतिहास सांगायला असा तिऱ्हाईत आवाज चालतो. घरातली गोष्ट सांगायला मात्र तो बऱ्याचदा उपरा वाटतो.

समजा, एक शेतकरी मोंढ्यात सोयाबीन विकून घरी येतो. आडत्याने दिलेली पट्टी खिशातच ठेवतो. पोरीसाठी आणायचे बूट पिशवीत नाहीत. यावर 'त्याला भाव मिळाला नव्हता' असं निवेदन टाकलं तर ते वाया गेलं. दिसलं तेच पुन्हा ऐकवलं. पण मोठी झालेली तीच पोर म्हणाली, "दादा म्हनले, भाव चांगला लागला. आम्हीबी हो म्हनलो," तर? खोटं घरात सगळ्यांना माहीत होतं, ही गोष्ट कॅमेऱ्याला इतक्या सहज दाखवता आली नसती.

इथे भाषेचाही प्रश्न येतो. परभणीचे कथाकार आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठवाड्यातल्या अशा गावाकडच्या कथा पडद्यावर आणायच्या तर निवेदक कोणत्या मराठीत बोलणार? छापील कथेत संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण भाषेत असलं तरी वाचक ते एका दमात वाचतो. पडद्यावर तीच विभागणी कानाला टोचते. माणसं गावची आणि त्यांच्याबद्दल बोलणारा बाहेरचा, असं चित्र तयार होतं. माहितीपटांत तर हे सर्रास होतं.

म्हणून निवेदन लिहिण्याआधी तीन गोष्टी ठरलेल्या बऱ्या: कोण बोलतंय, घटनेनंतर किती वर्षांनी आणि कोणाशी. पोरगी आपल्या मुलाला सांगतेय की बँकेतल्या साहेबाला, यावर वाक्य बदलतं.

एडिटिंगच्या वेळी निवेदनाचा ट्रॅक बंद करून सीन एकदा पाहायचा. काहीच अडलं नाही, तर तो ट्रॅक पुन्हा चालू करायची गरज नाही.