रक्ताचा थेंब आणि सरकारी दप्तर

ऑगस्ट २०१६. वाईजवळच्या धोम गावात एका फार्महाऊसच्या आवारात पोलिसांनी खोदकाम केले आणि पुरलेल्या माणसांचे अवशेष बाहेर आले. सहा खुनांच्या आरोपाने कृष्णाकाठचे हे शांत गाव देशभर गाजले. अशा अवशेषांची ओळख पटवायला डीएनएइतका भरवशाचा साक्षीदार नाही. बेपत्ता माणसाची वाट पाहणाऱ्या घराला तो निदान खरे काय ते सांगतो.

हा साक्षीदार निर्दोषालाही सोडवतो. १९८६ साली इंग्लंडात लीस्टरशायरमधील खून प्रकरणात कबुली देऊन बसलेला तरुण डीएनए चाचणीनेच सुटला. तेव्हा भांडण विज्ञानाशी नाही. प्रश्न आहे तो नमुना कोणाचा घ्यायचा आणि किती काळ ठेवायचा, हा.

१९२० च्या कायद्यात बोटांचे व पावलांचे ठसे आणि छायाचित्र एवढ्यावरच भागत होते. त्याची जागा घेणाऱ्या २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात बुबुळांपासून जैविक नमुन्यांपर्यंत सारे आले. नोंद राहणार ७५ वर्षे, म्हणजे जवळजवळ जन्मभर! सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अटक झालेल्याला, गुन्हा स्त्री वा बालकाविरुद्धचा नसेल तर, जैविक नमुना नाकारता येतो. पण रात्री ठाण्यात बसवलेल्या गरिबाला हे सांगणार कोण? निर्दोष सुटल्यास नोंद पुसायची, तीही अपिलाचे सारे मार्ग संपल्यावर. आपल्याकडे ते कधी संपतात, हे कोर्टाची पायरी चढलेल्यांना विचारावे.

ठसे देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये काठी कालू ओघड खटल्यात ठरवले. पण अंगठ्याचा ठसा एकट्याचा असतो, रक्तात भाऊ, मुले, सारे गोत येते. एकाची नोंद म्हणजे घराण्याची नोंद.

महाराष्ट्राला हा धोका नवा नाही. गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारध्यांसारख्या जमातींना जन्मावरून संशयित मानले गेले. १९११ च्या कायद्याने त्यांचे ठसे घेण्याची मुभा दिली. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही. चोरी झाली की पोलीस आजही आधी पालावरच जातात. मग नमुन्यांच्या दप्तरात गर्दी कोणाची होणार?

प्रयोगशाळांवर देखरेख ठेवणारे मंडळ नेमू पाहणारे २०१९ चे डीएनए विधेयक सरकारने २०२३ मध्ये मागे घेतले. नमुने घेण्याचा अधिकार मात्र कायम आहे. धोमच्या मातीतून सत्य वर यावे, हे खरेच. पण ज्याच्यावर काहीच सिद्ध झाले नाही, त्याचे रक्त सरकारी दप्तरात पडून राहू नये, हाही न्यायच आहे.