एसीतला गॅस संपत नसतो

एप्रिलच्या दुपारी एसी गार हवा देईनासा होतो. मेकॅनिक येतो, पाइपला हात लावतो आणि म्हणतो, "गॅस कमी झालाय, भरावा लागेल." आमच्याकडे असा गॅस लागोपाठ दोन उन्हाळे भरून झाला. तिसऱ्या वर्षी दुसरा मेकॅनिक आला. त्याने सिलिंडर बाजूला ठेवला आणि आधी साबणाचं पाणी मागितलं. बाहेरच्या युनिटवर तांब्याची नळी जिथे नटाने जोडलेली असते, तिथे फेस लावताच बुडबुडे यायला लागले. दोन वर्षांचे पैसे त्या एका सांध्यातून उडून गेले होते.

गॅस जातो कुठे?

गाडीतल्या पेट्रोलसारखा एसीचा गॅस जळून संपत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच तो गॅस फिरत राहतो. घरातल्या कॉइलमध्ये उष्णता घेतो, बाहेरच्या कॉइलमध्ये सोडतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

याची खूण बरेचदा आधीच दिसते. बाहेरच्या युनिटला दोन नळ्या जोडलेल्या असतात. जाड नळीवर पाण्याचे थेंब जमणं ठीक आहे. पण साध्या स्प्लिट एसीच्या बारीक नळीवर बर्फ धरू लागला तर गॅस कमी झाल्याचा संशय घ्या. सांध्यापाशी तेलकट, धूळ चिकटलेला डाग असेल तर संशय आणखी पक्का. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं.

इथे चालढकल महागात पडते. कॉम्प्रेसरची मोटर त्यातून वाहणाऱ्या गॅसनेच गार राहते. गॅस कमी झाला की खोली गार होत नाही, एसी न थांबता चालतो आणि मोटर तापत राहते. मग सांध्याच्या दुरुस्तीवर भागणारं काम कॉम्प्रेसर बदलण्यावर जातं.

दुरुस्तीचा क्रम आपल्यालाही माहीत हवा. आधी नायट्रोजन भरून गळती शोधायची, सांधा दुरुस्त करायचा, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढायची. त्यानंतर युनिटच्या पट्टीवर लिहिलंय तेवढा गॅस काट्यावर तोलून भरायचा. व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा न आणता आलेल्या माणसाला मी गॅस भरू देत नाही. हल्लीच्या बऱ्याच एसींमधला आर-32 हा गॅस काही प्रमाणात ज्वलनशीलही आहे, त्यामुळे अंदाजपंचे काम नकोच.

बर्फ आणि टपटपणारं पाणी

घरातल्या कॉइलवर बर्फ दिसला की लगेच गॅसचं नाव घेऊ नका. फिल्टर धुळीने भरला तरी हवा अडते आणि कॉइल गोठते. कूलिंग बंद करून नुसता फॅन चालवा, बर्फ वितळू द्या, फिल्टर धुऊन वाळवून बसवा. तरीही बर्फ परतला तर मेकॅनिकला बोलवा. उन्हाळ्यात फिल्टर दर दोन आठवड्यांनी धुवावा.

भिंतीवरून पाणी ओघळतंय म्हणजे बहुधा ड्रेन पाइप शेवाळाने किंवा मळाने तुंबलाय. काम किरकोळ आहे, पण पाणी सर्किटवर गेलं तर किरकोळ राहत नाही.

आवाज आणि वास

इन्व्हर्टर नसलेल्या एसीचं बाहेरचं युनिट नुसतं घुमतंय, पंखा किंवा कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, असं झालं तर बरेचदा कपॅसिटर गेलेला असतो. तो स्वस्त असतो. मात्र तशाच अवस्थेत एसी पुन्हा पुन्हा चालू करत राहिलात तर मोटरचं वाइंडिंग जळू शकतं. कपॅसिटरला स्वतः हात लावू नका. वीज बंद केल्यावरही त्यात भार साठलेला असतो.

प्लग गरम लागतोय, सॉकेट पिवळं पडलंय किंवा जळका वास येतोय, तर त्याच क्षणी एमसीबी खाली पाडा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत चालू करू नका. ही बाब पैशांची नाही, घरातल्या माणसांच्या जिवाची आहे.

समुद्र, नाला आणि पाल

रत्नागिरी, मालवण, पणजीकडे खारी हवा बाहेरच्या कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खाते. त्यांची पांढरी भुकटी होऊ लागते. तिथे पावसाळ्यानंतर एकदा नुसत्या पाण्याने कॉइल धुऊन घेणं फायद्याचं. सांडपाण्याच्या नाल्यांजवळ हायड्रोजन सल्फाइडमुळे तांबं काळं पडून गंजतं. शहरांत कबुतरं युनिटमागे घरटं करून हवा अडवतात. आणि पाल! ती सर्किट बोर्डवर चढली की शॉर्ट होतं, इन्व्हर्टर एसीचा महागडा बोर्ड जातो. केबल आत जाते तिथली फट बुजवून घ्या.

फोन करण्याआधी

एसी 15 मिनिटं चालवून आत शिरणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान साध्या थर्मामीटरने मोजा. साधारण 8 ते 12 अंशांचा फरक हवा. दमट दिवसांत तो थोडा कमी पडतो, कारण बरीच ताकद हवेतली ओल काढण्यात जाते. डिस्प्लेवर एरर कोड दिसला तर त्याचा फोटो काढा. ही तपासणी फेब्रुवारीतच उरका, तेव्हा मेकॅनिककडेही वेळ असतो.

आणि युनिट सज्ज्याबाहेर टांगलेलं असेल तर मेकॅनिकला सेफ्टी बेल्ट आणायला आधीच सांगा. तो बेल्ट न घेता आला तर परत पाठवा, काम उद्या होईल.