सेकंड हॅन्ड बाइक घेताय? इंजिनाआधी आरसी बघा
नोकरीच्या रोजच्या प्रवासासाठी जुनी दुचाकी घेताना काय तपासावे, नावावर करणे का टाळू नये?

भोसरीहून चाकण किंवा नाशिकरोडहून अंबड एमआयडीसी. शिफ्टची वेळ पाळायची तर अनेकांना स्वतःची बाइक लागतेच. सव्वाशे सीसीच्या नव्या बाइकची ऑन-रोड किंमत आता लाखाच्या आसपास गेल्याने पहिल्या पगारावर सेकंड हॅन्डचा पर्याय सोयीचा वाटतो. घेणारा मग ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, एक चक्कर मारतो आणि पैसे देतो. कागदांचे काय, असे विचारल्यावर उत्तर मिळते, ‘टीटी फॉर्मवर सही आहे, नावावर सावकाश करा.’

खरी अडचण इथे सुरू होते. खराब क्लच प्लेट काही हजारांत बदलता येते. नावावर न केलेली बाइक मात्र अपघाताच्या दिवशी विकणारा आणि घेणारा, दोघांनाही अडचणीत आणते.

‘सही केलेले फॉर्म’ म्हणजे मालकी नव्हे

टीटी फॉर्म म्हणजे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५० नुसार, वाहन राज्यातल्या राज्यात विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. नोंद बदलेपर्यंत आरटीओच्या दप्तरी जुनाच मालक राहतो.

नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये यावर स्पष्ट निर्णय दिला. मूळ मालकाने २००७ मध्ये कार विकली होती. ती पुढे अनेकांच्या हातात गेली, पण नोंदणीवरचे नाव तेच राहिले. २००९ मध्ये त्या कारने अपघात झाला. भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच, असे न्यायालयाने ठरवले. दुचाकीलाही हाच कायदा लागू आहे.

घेणाऱ्याचे काय नुकसान?

नुकसान विम्यात होते. थर्ड पार्टी विम्याचे संरक्षण वाहनासोबत नव्या मालकाकडे जाते, असे कायदा मानतो. पण बाइकच्या स्वतःच्या नुकसानीचा किंवा चोरीचा दावा करायचा, तर पॉलिसी नव्या मालकाच्या नावावर हवी. हस्तांतरानंतर १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करणे अपेक्षित आहे. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागू शकते.

याहून मोठा मुद्दा १५ लाख रुपयांच्या वैयक्तिक अपघात विम्याचा आहे. हे संरक्षण नोंदणीकृत मालक-चालकाला असते. आरसी आणि पॉलिसीवर नाव नसेल, तर रोज ती बाइक चालवणाऱ्याच्या कुटुंबाला त्या रकमेवर दावा सांगणे अवघड जाते.

पैसे देण्याआधी कागद

- आरसीवरचा चासी आणि इंजिन नंबर बाइकवरच्या नंबरशी जुळवा. चासी नंबर साधारण हॅन्डलखालच्या भागावर कोरलेला असतो. तिथे घासल्याच्या खुणा दिसल्या तर व्यवहार सोडा.
- एमपरिवहन ॲपवर नोंदणी, विमा आणि पीयूसीची मुदत बघा. विकणारा आणि आरसीवरचा मालक एकच आहे का, हे त्याच्या ओळखपत्रावरून तपासा.
- आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल, तर त्यांची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन तो आधी उतरवायला सांगा. ‘हप्ते संपलेत’ हे तोंडी उत्तर पुरत नाही.
- ई-चलनाची थकबाकी वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे चार अंक टाकून दिसते. ती विकणाऱ्याने भरावी.
- परराज्यातली बाइक असेल, तर मूळ आरटीओची एनओसी, इथला कर आणि नवा नंबर हा खर्च धरा. स्वस्ताई तिथेच संपू शकते.
- दुचाकीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. १३-१४ वर्षांची बाइक घेतल्यास लवकरच तपासणी करून नूतनीकरण करावे लागेल.

मग बाइक

सकाळी जा आणि तुम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, असे आधीच सांगा. पोहोचल्यावर इंजिनाजवळ हात धरा. ते गरम असेल, तर थंड इंजिन सुरू व्हायला देत असलेला त्रास लपवला जात असू शकतो. सायलेन्सरमधून सतत निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचे काम निघू शकते.

मीटरवरच्या आकड्यावर एकदम विश्वास ठेवू नका. रोज ३० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस धरले तरी वर्षाला ९ हजार किलोमीटर होतात. सहा वर्षे ऑफिसला वापरलेल्या बाइकचे मीटर १८ हजार दाखवत असेल, तर सर्व्हिसची बिले मागा. गुळगुळीत झालेले फूटरेस्ट आणि ब्रेक पेडलचे रबर खरे वय सांगतात.

मागच्या स्प्रॉकेटवरची चेन बोटाने मागे ओढा. ती दातांवरून उचलली जात असेल, तर चेन-स्प्रॉकेट किट बदलायला झाले. पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओघळ असेल, तर ऑइल सील गेले. मेन स्टँडवर पुढचे चाक उचलून हॅन्डल हळू फिरवा. मधोमध अडकल्यासारखे वाटले, तर कोनसेट झिजला आहे. टायरवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा.

चक्कर मारताना वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दिल्यावर आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, हे क्लच घसरत असल्याचे लक्षण आहे. सरळ जाताना हॅन्डल वाकडे दिसत असेल, तर गाडी पूर्वी आदळलेली असू शकते. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ बाइकमध्ये इंजिनचा दिवा चावी दिल्यावर लागतो आणि गाडी सुरू झाल्यावर विझतो. तो लागतच नसेल, तर काढून टाकला आहे का, ते विचारा.

व्यवहाराच्या दिवशी

पैसे यूपीआय किंवा बँकेतून द्या. गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्यामुळे त्याआधीचे चलन कोणाचे आणि नंतरचे कोणाचे, हा वाद राहत नाही. दोघांना मान्य असेल, तर थोडी रक्कम नाव बदलेपर्यंत बाकी ठेवा आणि तेही त्याच कागदावर लिहा. एजंटला काम दिले, तरी अर्जाची पावती स्वतःकडे ठेवा आणि परिवहनच्या संकेतस्थळावर अर्जाची स्थिती बघत राहा.

विकणाऱ्यानेही खरेदीदारावर सगळे सोडू नये. नवे नाव चढल्याचे ऑनलाइन दिसल्यावर त्या नोंदीची प्रत जपून ठेवावी.